होल्स्टर नंतर, आधी स्पर्धा ठरवा

प्रति,
संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीसाठी होल्स्टर आणि पट्ट्याची निवड

महोदय,

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीला, म्हणजे कमरेचे पिस्तूल काढून वेळ लावून लक्ष्ये टिपण्याच्या खेळाला, कोणते होल्स्टर (पिस्तूल ठेवायचे कमरेचे म्यान) घ्यावे, असे विचारणारे बहुतेक जण एखादे होल्स्टर आधीच विकत घेऊन बसलेले असतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली मुले आखातात किंवा जहाजावर नोकरीला जातात, तिथल्या क्लबांत हा खेळ पाहतात, जाहिरातीत दिसलेले साहित्य मागवतात, आणि पहिल्याच सामन्याला पंच सांगतात की हे इथे चालणार नाही. पैसे जातात ते एक. त्याहून गंभीर म्हणजे, स्टेज (सामन्यातला एक टप्पा) चालू असताना पिस्तूल होल्स्टरमधून निसटून जमिनीवर पडले तर ते भरलेले असो वा रिकामे, स्पर्धक पूर्ण सामन्यातून बाद होतो. भरलेले असेल तर आसपासच्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण जागा द्यावी, ही विनंती.

आधी आपल्याकडची स्थिती स्पष्ट करायला हवी. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत होल्स्टर नसतेच. १० मीटर एअर पिस्तूल असो की २५ मीटरचे प्रकार, पिस्तूल समोरच्या टेबलावरून उचलले जाते. जिल्ह्याच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींनी होल्स्टरवर एक रुपयाही घालू नये. तो छऱ्यांवर आणि चांगल्या बुटांवर घालावा. दुसरे, ९ मिमी पॅराबेलमचे पिस्तूल आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. परवान्यावर मिळते ते प्रामुख्याने .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गोळीचा व्यास किमान ९ मिमी आणि पुंगळीची लांबी किमान १९ मिमी लागते. .३२ ची गोळी व्यासाच्या अटीतच बसत नाही. त्यामुळे घरातले .३२ आणि बाजारातले महागडे स्पर्धेचे होल्स्टर यांची जोडी लावू पाहणाऱ्यांनी तो विचार सोडावा. पुढचा मजकूर परदेशी क्लबांत कायदेशीर रीतीने खेळणाऱ्या आपल्या लोकांसाठी, आणि त्यांच्यासाठी साहित्य मागवणाऱ्या घरच्यांसाठी आहे.

होल्स्टर निवडायचे ते स्पर्धा आणि डिव्हिजन पाहून. आयपीएससीची स्थापना १९७६ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरी झाली. अचूकता, जोर आणि वेग या तीन गोष्टींवर तिचा खेळ उभा आहे. स्टेज तीन आकारांच्या असतात : लहान १२ गोळ्यांपर्यंत, मध्यम २४ पर्यंत, लांब ३२ पर्यंत. पिस्तुलाच्या प्रकारानुसार ओपन, स्टँडर्ड, क्लासिक, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स, रिव्हॉल्व्हर अशा डिव्हिजन आहेत, आणि पट्ट्यावर काय कुठे लावता येईल हे प्रत्येकीत सारखे नसते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून खरेदीआधी चालू आवृत्तीतले त्या डिव्हिजनचे पान वाचायलाच हवे. विक्रेत्याच्या पानावर ‘आयपीएससी मान्य’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या डिव्हिजनला मान्य ते बहुधा लिहिलेले नसते.

सर्वांत जास्त गल्लत प्रॉडक्शनमध्ये होते, आणि नवा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. या डिव्हिजनमध्ये पिस्तूल आणि मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) पट्ट्याच्या आतल्या बाजूपासून ५० मिमीपेक्षा दूर असता कामा नयेत. पंच पिस्तुलाच्या मुठीच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर मोजतो. शिवाय होल्स्टर आणि मॅगझिन ठेवायचे सगळे पाउच कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकामागे असावे लागतात. पोटासमोर काही लावता येत नाही. आता गंमत अशी की बाहेर आणि खाली काढलेल्या हँगरवरचे (होल्स्टर पट्ट्याला जोडणाऱ्या तुकड्यावरचे) होल्स्टर टेबलावर मोजले तर ४५ मिमी भरते. अंगावर चढवले की पट्टा कमरेभोवती वळतो, पिस्तुलाच्या वजनाने वरचा भाग बाहेर कलतो आणि तेच माप ५५ होते. मोजणी पट्टा घालून, पिस्तूल आणि भरलेली मॅगझिन जागेवर ठेवूनच करावी. अट मोडली तर स्पर्धकाची रवानगी ओपन डिव्हिजनमध्ये होते. तिथे त्याची गाठ लाल ठिपक्याच्या दुर्बिणी आणि कॉम्पेन्सेटर (झटका कमी करणारा नळीचा जोड) लावलेल्या पिस्तुलांशी असते. केवळ हँगरचा एक स्क्रू न आवळल्याने हे घडू शकते.

सर्व डिव्हिजनना लागू असलेले काही नियमही खरेदीआधी माहीत हवेत. काखेतले होल्स्टर चालत नाही. मांडीला पट्टीने बांधलेलेही नाही. सैनिकी पोशाखातल्या फोटोंवरून ते मागवणारे बरेच आहेत. मुठीचे खालचे टोक पट्ट्याच्या वरच्या कडेखाली जाता कामा नये. पोलीस आणि सैन्याच्या सेवेतल्या होल्स्टरला यात सवलत आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. सैल उभे राहिल्यावर नळीचे तोंड पायांपासून एक मीटरपेक्षा लांब रोखलेले नसावे, म्हणजे नळी फार पुढे किंवा मागे कललेली चालणार नाही. पट्टा कमरेलाच हवा आणि तो पँटच्या किमान तीन लुपांतून गेलेला हवा. दोन पदरी पट्टा असेल तर आतला पदर तसा गेलेला चालतो. पंचाला होल्स्टर धोकादायक वाटले तर तो ते सुधारायला सांगू शकतो, आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो.

ओपन आणि स्टँडर्डमध्ये मोकळीक बरीच आहे, म्हणून तिथे ‘रेस’ होल्स्टर दिसते. हे होल्स्टर पिस्तूल पूर्ण झाकत नाही. ट्रिगर गार्डच्या आकाराचा एक छोटा ठोकळा पिस्तूल पकडून ठेवतो, नळी जवळपास मोकळी असते आणि चालताना लावायला एक खटका असतो. डबल अल्फा, घोस्ट, सीआर स्पीड ही या कामातली ओळखीची नावे. ठोकळा प्रत्येक पिस्तुलाचा वेगळा असतो. पिस्तूल बदलले की ठोकळाही बदलावा लागतो, आणि ‘जवळपास बसतो’ असा ठोकळा कधीही वापरू नये. ओपनच्या पिस्तुलावर दुर्बिणीचा पाया बाजूला किंवा वर असतो, त्यामुळे तिथे बंद होल्स्टर सहसा बसत नाही. मात्र पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेस होल्स्टरमध्ये पिस्तूल ठरलेल्या दिशेनेच वर येते. हात घाईत तिरका ओढला गेला की ठोकळ्यात अडकते, आणि अडकलेले पिस्तूल झटका देऊन सोडवताना नळी कुठेही फिरते. हाताची सवय पक्की झाल्यावर या होल्स्टरचा वेळ वाचवण्यात उपयोग आहे, त्याआधी नाही.

आयडीपीए ही १९९६ साली निघालेली संघटना. तिचा भर अंगावर लपवून बाळगण्याजोग्या पिस्तुलावर आहे. होल्स्टर दिवसभर कपड्याखाली वापरता येईल असे, शरीराला चिकटलेले हवे. पट्टा पावणेदोन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ४४ मिमीपेक्षा रुंद नको. आणि बहुतेक स्टेजना वरून जॅकेट किंवा बिनबाह्यांचा अंगरखा घालावा लागतो. स्टेज १८ गोळ्यांपर्यंतची असते, त्यामुळे दोन मॅगझिन पाउच पुरतात. रेस होल्स्टर इथे चालत नाही. स्टील चॅलेंजचा प्रकार आणखी वेगळा : आठ ठरलेल्या स्टेज, प्रत्येकीत पाच पोलादी तबके, बहुतेक स्टेजना पाच फेऱ्या आणि त्यातली सर्वांत संथ फेरी वजा. पळापळ जवळपास नाही, मॅगझिन बदलण्याची घाई नाही, सगळा निकाल पिस्तूल बाहेर काढण्यावर आणि नेमावर. .२२ रिमफायर वापरणाऱ्याने तर तिथे होल्स्टर घेऊच नये, कारण रिमफायरची सुरुवात पिस्तूल हातात धरून, खाली रोखलेल्या स्थितीतून होते. रायफल, शॉटगन आणि पिस्तूल एकत्र असलेल्या स्पर्धांत पिस्तूल कमरेला ठेवून लांब बंदुकीसह धावावे लागते. तिथे खटक्याचे कुलूप असलेलेच होल्स्टर घ्यावे.

एकाच होल्स्टरमध्ये जास्तीत जास्त ठिकाणी खेळायचे असेल, तर कायडेक्सचे किंवा साच्यातल्या कडक प्लास्टिकचे, ट्रिगर पूर्ण झाकणारे, सरळ उभे बसणारे, पट्ट्याला जवळ असलेले होल्स्टर घ्यावे. ते प्रॉडक्शनला चालते, स्टील चॅलेंजला चालते, आणि हँगर बदलून पट्ट्यालगतचा जोड लावला तर बहुधा आयडीपीएलाही चालते. खालचे टोक उघडे असलेले घ्यावे. वाळू, पाणी, बारूदाची काजळी खाली निघून जाते, आणि त्याच जातीचे लांब नळीचे पिस्तूल पुढे घेतले तरी तेच होल्स्टर कामी येते. पिस्तुलावर लाल ठिपक्याची दुर्बीण असेल, किंवा पुढे लावायचा विचार असेल, तर वरचा भाग तेवढा कापलेला आहे का ते बघावे. विजेरी लावलेल्या पिस्तुलासाठी घडवलेले होल्स्टर विजेरी काढली की पिस्तूल धरत नाही, कारण त्याची पकड विजेरीवरच असते. डावऱ्या माणसाने डाव्या हाताचेच मागवावे.

आता पट्टा. लोक होल्स्टरवर महिना महिना चर्चा करतात आणि ते पँटच्या नेहमीच्या कातडी पट्ट्यावर अडकवतात. होडीत वल्ह्याची कडी सैल असली की वल्हवणाऱ्याचा जोर पाण्याला लागत नाही, तसेच इथे होते : हात वर खेचतो, पट्टा हाताबरोबर वर येतो आणि पिस्तूल जागचे हलत नाही. वजनाचा हिशेब करा. पोलादी चौकटीचे स्पर्धेचे पिस्तूल रिकामे सव्वा किलोच्या घरात जाते. १५ गोळ्यांनी भरलेले ९ मिमीचे एक मॅगझिन साधारण पाव किलो. अशी चार लावली तर एक किलो. होल्स्टर आणि पाउच धरून अडीच किलोंच्या वर वजन कमरेला लटकते, आणि तेही धावताना, गुडघ्यावर बसताना, आडव्या अडसरामागे झुकताना.

यासाठी दोन पदरी पट्टा असतो. आतला मऊ पदर पँटच्या लुपांतून जातो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वेल्क्रोची मऊ बाजू असते. बाहेरचा पदर कडक, दीड इंच म्हणजे ३८ मिमी रुंद, आतून वेल्क्रोची काटेरी बाजू असलेला. होल्स्टर आणि पाउच बाहेरच्या पदरावर कायमचे बसवून ठेवता येतात. रेंजवर पोचल्यावर तो पदर नुसता दाबून चढवायचा. माप पँटच्या लेबलवरून देऊ नये. जी पँट घालून खेळणार तीच घालावी, आतला पदर बांधावा, आणि त्यावरून फितीने मोजावे. लेबलवर ३४ लिहिलेल्या पँटवरून मोजले तर ३७ भरणे नवलाचे नाही. बाहेरच्या पदराची टोके पुढे एकमेकांवर यायला हवीत, पण फार नकोत. जास्त लांबी असेल तर पहिल्या पाउचची जागा जाते. कडकपणा पाहायचा तर पट्टा दोन्ही हातांत आडवा धरून पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर होल्स्टरचे वजन त्याला बाहेर वाकवणार. हँगरच्या खाचेची रुंदीही ३८ मिमीच हवी. ५० मिमीच्या पोलिसी पट्ट्यासाठीचा हँगर ३८ मिमीच्या पट्ट्यावर खालीवर हलत राहतो, आणि त्यात कापड कोंबून तो घट्ट करण्याचा उपाय दोन दिवसही टिकत नाही.

बसवण्याचा क्रम पट्टा, मग उंची, मग कल, मग बाहेरचे अंतर, आणि शेवटी पाउच असा ठेवावा. हात सैल सोडून उभे राहा, कोपर मागे न्या. तळवा मुठीवर उंचावरून आणि सरळ बसला पाहिजे. खांदा वर उचलावा लागला तर होल्स्टर उंच आहे, अंग वाकवावे लागले तर खाली आहे. पोट थोडे पुढे असलेल्यांना, आणि कंबर व नितंब यांत फरक असल्याने बऱ्याच स्त्रियांना, सरळ होल्स्टरची मूठ बरगड्यांत रुतते. त्यांनी थोडा खाली-बाहेर काढलेला हँगर घ्यावा, पण वर सांगितलेली ५० मिमीची आणि मुठीच्या टोकाची अट अंगावर मोजूनच. एक एक गोष्ट बदलावी. उंची आणि कल एकाच दिवशी बदलले तर हात कशामुळे चुकतो ते कळत नाही. सगळे जमल्यावर प्रत्येक स्क्रूवर मध्यम ताकदीचे, म्हणजे निळे, धागाबंद द्रव्य (स्क्रू सैल होऊ न देणारे) एक थेंब लावावे आणि स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. सामन्याच्या सकाळी ही पाहणी करायला अर्धा मिनिट लागते.

पकड तपासण्यासाठी पिस्तूल रिकामे करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि खोलीत एकही खरी गोळी ठेवू नका. मॅगझिनमध्ये नकली गोळ्या भरून घाला, कारण भरलेल्या मॅगझिनचे वजन पकडीवर फरक पाडते. गादीवर होल्स्टर उलटे धरून हलवा; पिस्तूल पडता कामा नये. मग पट्टा घालून जागच्या जागी उड्या मारा, गुडघ्यावर बसा, चटकन वळा, घरात पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळा. पकड फार घट्ट केली तर काढताना आधी पट्टा उचलला जातो आणि पिस्तूल झटक्याने सुटते. मग नेम लागायच्या आत नळी वर उडते. परत ठेवताना मात्र घाई कधीच नको. त्याचा वेळ कुणी मोजत नाही. होल्स्टरकडे पाहून, ट्रिगरवरून बोट काढून, सावकाश ठेवावे. पावसाळी जॅकेटची कमरेची दोरी आणि तिच्या टोकाचा मणी, किंवा टी-शर्टची कड, ट्रिगर गार्डमध्ये शिरली आणि पिस्तूल खाली दाबले की गोळी सुटते. मांडीला किंवा पायाला जखम होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. खेळताना घालायच्या जॅकेटची दोरी कापूनच टाकावी.

बाजारात ‘सर्व पिस्तुलांना चालणारे’ म्हणून नायलॉनचे मऊ होल्स्टर स्वस्तात मिळते. ते कोणत्याच स्पर्धेला घेऊ नये. पिस्तूल काढले की त्याचे तोंड मिटते, ते उघडायला दुसरा हात पुढे जातो, आणि पिस्तूल परत ठेवताना नळी त्याच हातावरून जाते. मऊ कापडातून ट्रिगर बाहेरूनही दाबला जाऊ शकतो.

पाउच किती लावायचे, हे डिव्हिजनच्या भरण मर्यादेवर ठरते. प्रॉडक्शनमध्ये मॅगझिनमध्ये १५ गोळ्या भरता येतात. ३२ गोळ्यांच्या लांब स्टेजला कागदावर तीन मॅगझिन पुरतात, पण मॅगझिन संपेपर्यंत कुणी थांबत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना ते बदलले जाते, आणि नेम चुकल्याच्या जादा गोळ्या असतातच. म्हणून पट्ट्यावर चार पाउच हवेत. क्लासिकमध्ये ‘मेजर’, म्हणजे जास्त जोराच्या, गोळ्यांना आठाची मर्यादा आहे, तिथे पाच-सहा लागतात. मॅगझिन उभे, गोळ्यांची टोके पुढच्या दिशेला, म्हणजे तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या अंगावरून सरळ पहिल्या गोळीपर्यंत जाते. दोन पाउचमध्ये अंगठा शिरेल एवढी फट ठेवावी. प्रत्येक पाउचची पकड वेगळी जुळवावी, कारण सर्वांत पुढचे मॅगझिन धावताना मांडीच्या हालचालीने जास्त हिसके खाते. जमिनीवर पडलेल्या मॅगझिनमुळे कुणी बाद होत नाही, पण त्यातल्या गोळ्या गेल्याने शेवटची तबके उभी राहतात.

आता आपल्या किनाऱ्यापुरते. सुट्टीत घरी आणलेले किंवा इथे ठेवून गेलेले साहित्य दोन पावसाळ्यांत खराब झालेले दिसते, आणि दोष पावसाला दिला जातो. खरा दोष मिठाचा. साधे मीठ हवेत साधारण ७५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरची हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. घामातले आणि खाऱ्या वाऱ्यातले मीठ पट्ट्यावर, स्क्रूवर, पाउचच्या स्प्रिंगवर बसले की ते वाळतच नाही. त्यावर नुसते तेल चोळून उपयोग नाही. मीठ तेलाखाली राहते आणि गंज चालू राहतो. आधी गोड्या पाण्याने पुसायचे, कोरडे करायचे, मग धातूच्या भागांना पातळ तेल. होल्स्टरच्या आत तेल मुळीच नको, त्यात जांभ्याची धूळ आणि वाळू चिकटते आणि तीच पिस्तुलाची झिलई खरवडते. कायडेक्स साबणाच्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, उष्णतेने त्याचा आकार सैलावतो आणि जुळवलेली पकड जाते.

कातड्याचे होल्स्टर दिसायला सुरेख असते, पण आपल्या हवेत ते घाम पिऊन बसते. तोंड मऊ पडते, पावसाळ्यात बुरशी येते, आणि आत पिस्तूल ठेवले तर पोलादावर कातड्याच्या ठशाचा गंज उमटतो. कातडी होल्स्टरमध्ये पिस्तूल साठवून ठेवू नये, कोरड्या प्रदेशातसुद्धा नाही. ओपन आणि स्टँडर्डमध्ये मॅगझिनसाठी लोहचुंबक वापरतात. त्यांच्या मुलाम्याला टवका गेला की आतला चुंबक खाऱ्या हवेत फुगून भुगा होतो. ॲल्युमिनियमच्या पाउचला साधे पोलादी स्क्रू असतील तर दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू जाम होतो. असे स्क्रू काढून ३१६ जातीचे स्टेनलेस स्क्रू लावावेत, आणि स्टेनलेसच्या सांध्यातही थोडे ग्रीस द्यावे. हे स्क्रू हार्डवेअरच्या मोठ्या दुकानापेक्षा बंदराजवळ बोटीचे सामान विकणाऱ्याकडे लवकर मिळतात. वेल्क्रोत धूळ आणि धागे भरले की पकड जाते. ताठ ब्रशने काटेरी बाजू झाडावी आणि पट्टा गुंडाळताना दोन्ही बाजू एकमेकींवर चिकटवून ठेवाव्यात. आगोटीच्या तयारीत हे साहित्यही धरावे : धुऊन, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह, आणि महिन्याने जेल गरम करून पुन्हा कोरडे करून.

शेवटी प्रवासाविषयी. होल्स्टर आणि पट्टा ही शस्त्रे नाहीत, पण मॅगझिन हा शस्त्राचा भाग आहे, आणि परवान्याशिवाय ते देशात आणणे गुन्हा ठरतो. पट्टा घरी आणताना पाउचमधून मॅगझिन काढलेली आहेत ना, ते दोनदा पाहावे. गोळीचे तर बोलायलाच नको. विमानतळावरच्या तपासणीत सामानात एक गोळी सापडली तरी प्रवास तिथेच थांबतो आणि पोलिसांत जबाब द्यावे लागतात. रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशी होते. गोळ्या आणि पुंगळ्या रेंजच्या पिशवीच्या शिवणीत, पाउचच्या तळाशी, पँटच्या मागच्या खिशात, अगदी बुटाच्या तळव्याच्या खाचेत अडकून राहतात. रेंजची पिशवी विमानप्रवासाला वापरूच नये. पट्टा वेगळ्या पिशवीत न्यायचा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पाउच उलटा करून पांढऱ्या चादरीवर झटकायचा.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक
रत्नागिरी